नाथसागराच्या माथ्यावरचे रान

जालना शहरात नळाला पाणी कोणत्या दिवशी येणार, हा प्रश्न आमच्या वाचकांना जेवढा जिव्हाळ्याचा आहे तेवढा दुसरा क्वचितच असेल. ते पाणी जायकवाडीहून येते, हे शाळेतले पोरही सांगेल. परंतु जायकवाडीस ते कोठून येते, असे विचारले तर बहुतेकांचे उत्तर ‘गोदावरीतून’ एवढ्यावर थांबते. नकाशावर बोट ठेवून नदीच्या उलट दिशेने चालत जाण्याची सवय आपल्याला राहिलेली नाही. ती असती तर दूरच्या सह्याद्रीतील एका सदाहरित रानाविषयी आज अग्रलेख लिहिण्याचे कारण पडले नसते.

नाथसागराच्या वर, प्रवरासंगमापाशी, गोदावरीस प्रवरा मिळते. ज्ञानदेवांनी नेवाशास जिच्या काठी ज्ञानेश्वरी सांगितली, तीच ही प्रवरा. ती उगम पावते अकोले तालुक्यात रतनगडाच्या कुशीत. तिला मिळणारी मुळा हरिश्चंद्रगडाच्या परिसरातून निघते. हे दोन्ही उगम ज्या डोंगरांत आहेत, तो प्रदेश १९८६ साली कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्य म्हणून घोषित झाला. त्याचे क्षेत्रफळ सुमारे ३६२ चौरस किलोमीटर आहे. भंडारदऱ्याचे धरण १९२६ साली पूर्ण झाले, ते याच रानाच्या पायथ्याशी. मराठवाड्याची तहान भागविणाऱ्या नाथसागराची उपयुक्त साठवण ७६ टीएमसीहून अधिक आहे आणि तिच्यातला एक वाटा या घाटमाथ्यावर पडणाऱ्या पावसाचा आहे. अवर्षणाच्या वर्षी वरच्या धरणांतून खाली पाणी सोडण्यावरून जो कलह माजतो, त्यात भंडारदरा, निळवंडे आणि मुळा ही नावे आपण दरवेळी ऐकतो. २०२३ साली ८.६ टीएमसी पाणी सोडण्याचा आदेश निघाला, तेव्हाही ती आपल्या ओठांवर होती. मात्र त्या धरणांच्या माथ्यावर काय उभे आहे, याची चौकशी कोणी केली नाही.

प्रस्तुत लेखकाने पत्रव्यवसायात येण्यापूर्वी काही वर्षे शाळेत अध्यापन केले. एका वर्षी दिवाळीच्या सुट्टीनंतर मुलांची सहल घेऊन आम्ही रतनवाडीस गेलो होतो. अमृतेश्वराचे देऊळ पाहून वरच्या रानात शिरलो, तेव्हा पाऊस थांबून महिना लोटला होता. आमच्या जिल्ह्यातील माळ त्या सुमारास पिवळा पडून भेगाळू लागलेला असतो. तेथे एका मुलाने चपलेच्या टोकाने पाचोळा उकरला आणि खालची काळी माती ओली पाहून तो विस्मयाने म्हणाला, “गुरुजी, इथं कुणी पाणी घातलं?” त्या प्रश्नाचे उत्तर द्यावयास आम्हांस पूर्ण तास लागला. पाऊस पानांवर थबकतो, फांदीवरून खोडाशी उतरतो, पाचोळ्याच्या थरात मुरतो, मुळांच्या वाटेने खाली झिरपतो आणि महिन्या-दोन महिन्यांनी झऱ्याच्या रूपाने बाहेर पडतो. उघड्या डोंगरावर हाच पाऊस तासाभरात माती घेऊन ओढ्यात येतो. ती माती धरणात बसते आणि धरण उथळ होते.

पाण्याचा हा हिशेब आमच्या वाचकांस समजण्यास अवघड नाही. आज मात्र दुसऱ्या एका हिशेबाकडे त्यांचे लक्ष वेधावयाचे आहे, आणि तो आहे हवेचा. लाकडाच्या कोरड्या वजनापैकी अदमासे निम्मे वजन कार्बनचे असते. झाड तोडून जाळले किंवा कुजू दिले की हा कार्बन प्राणवायूशी संयोग पावून हवेत जातो, आणि १२ भार कार्बनचा ४४ भार कार्बन डायऑक्साइड होतो, म्हणजे टनाला जवळजवळ पावणेचार टन. शंभर वर्षांच्या जांभळीच्या बुंध्यात साठलेले हे भांडार कुऱ्हाडीच्या एका दिवसात मोकळे होते. जगातील उष्णकटिबंधी वर्षावनांपैकी २०२४ या एका वर्षात सुमारे ६७ लाख हेक्टर मूळ अरण्य नाहीसे झाले. वाचकांनी डोळ्यांसमोर आठही जिल्ह्यांचा सबंध मराठवाडा आणावा. त्याहून हा विस्तार थोडा मोठाच भरतो. त्यातील जवळजवळ निम्मे वणव्यांनी खाल्ले. आपला भारत देश कोळसा, तेल आणि वायू जाळून वर्षाकाठी जेवढा धूर सोडतो, त्याहून किंचित अधिक त्या एका वर्षीच्या अरण्यनाशातून हवेत गेला, असे या विषयाचे अभ्यासक सांगतात. हवेस सरहद्द नसते, हे सांगण्याची आवश्यकता नाही. २०१२-१३ च्या दुष्काळात अंबड आणि बदनापूरकडील मोसंबीच्या बागा उभ्या जळाल्या. ज्या शेतकऱ्यांनी आपल्याच हाताने पंधरा वर्षांची झाडे तोडून सरपण केले, त्यांना ऋतुमान बिघडल्याचा अर्थ शिकविण्याचा अधिकार आम्हांस नाही. तो एक दुष्काळ अमुक जंगलतोडीमुळे पडला, असे म्हणणे अर्थातच शास्त्रास धरून होणार नाही. परंतु ज्याच्यापाशी जमिनीतले पाणी थोडे, त्याला तापत्या हवेचा चटका आधी बसतो, एवढे निश्चित.

आता प्रश्न असा की, रानाभोवती कायद्याची रेघ ओढली म्हणजे ते खरोखर वाचते काय? ‘अभयारण्य’ असा फलक लावून काय साधते, असे उपहासाने विचारणारे पुष्कळ आहेत आणि त्यांचा उपहास सर्वस्वी निराधार नाही. म्हणून याचे उत्तर अनुभवाच्या कसोटीवरच द्यावे लागेल. सर्वांत मोठा अनुभव ब्राझीलचा आहे. अॅमेझॉनच्या अरण्यात तेथे २००४ साली २७,७७२ चौरस किलोमीटर जंगल तोडले गेले. २०१२ साली हा आकडा ४,५७१ वर आला. मधल्या काळात त्या सरकारने अनेक उपाय योजले. उपग्रहावरून तोडीवर पाळत ठेवली, जंगल तोडणाऱ्यांची कर्जे अडविली, आणि तोडीची लाट जेथे येऊन धडकत होती नेमक्या त्या भागात विस्तीर्ण राखीव क्षेत्रे घोषित केली. पारा प्रांतात गरीब शेतकऱ्यांची बाजू घेणाऱ्या डोरोथी स्टँग या वृद्ध जोगिणीचा फेब्रुवारी २००५ मध्ये गोळ्या घालून खून झाला आणि त्यानंतर काही दिवसांतच तेथील मोठा वनप्रदेश संरक्षित झाला. रानाच्या रक्षणासाठी माणसाचे रक्त सांडावे लागते तेव्हाच सरकारे जागी होतात, ही गोष्ट केवळ आपल्याच देशापुरती खरी नाही. २००४ ते २००६ या काळात तोडीत जी घट झाली, तिच्यातील ३७ टक्के वाटा नव्याने वाढविलेल्या संरक्षित क्षेत्रांचा होता, असा निष्कर्ष संशोधकांनी पुढे काढला. आदिवासींच्या ताब्यातील राखीव भूमीनेही तोडीची लाट थोपविली, हेही तेथे दिसून आले. पुढे राज्यकर्त्यांची दृष्टी फिरली आणि २०२१ साली तोड पुन्हा १३,००० चौरस किलोमीटरच्या वर गेली. २०२३ पासून ती परत उतरू लागली. कायदा तोच होता. तो राबविणाऱ्याची इच्छा तेवढी बदलत होती.

साऱ्या उष्णकटिबंधाचा विचार केला तर २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाचा आधार घेता येईल. २००० ते २०१२ या काळात संरक्षित क्षेत्रे नसती तर जंगलतोडीतून जेवढा कार्बन हवेत गेला असता, त्यात या क्षेत्रांमुळे सुमारे एक तृतीयांश घट झाली, असे त्यात दाखविले आहे. हा आकडा लहान नव्हे. तथापि आकड्यांवर भाळून जाण्याची आमची वृत्ती नाही. राखीव वने बहुधा कोठे असतात? जेथे नांगर चालत नाही, गाडी जात नाही, अशा कड्याकपारींत. ती तशीही कोणी तोडली नसती. मग ती वाचविल्याचे श्रेय फलकाला कसे द्यावयाचे? कोस्टा रिका या देशातील वनांचा असा काटेकोर हिशेब २००८ साली मांडला गेला. सारख्याच उताराची, सारख्याच अंतरावरची राखीव आणि अराखीव जमीन ताडून पाहता, राखीव वनांपैकी साधारणतः १० टक्केच वन संरक्षणाअभावी नष्ट झाले असते, असे आढळले. म्हणजे संरक्षणाचा उपयोग होतो, परंतु उत्साही मंडळी सांगतात तेवढा तो सरसकट होत नाही. तो सर्वांत जास्त होतो तेथे, जेथे कुऱ्हाड दाराशी येऊन उभी असते.

ही गोष्ट ध्यानात ठेवून आता आपण आपल्या सह्याद्रीकडे येऊ. पुस्तकांतून ज्याला ‘वर्षावन’ म्हणतात, त्याला तेथील माणूस नुसते ‘रान’ म्हणतो, आणि देवाच्या नावाने राखले असेल तर ‘देवराई’. महाबळेश्वराच्या परिसरातील अशा रानात अंजनी, जांभूळ आणि पिसा ही झाडे प्रमुख आहेत. महाराष्ट्रातील पहिले अभयारण्य याच जातीच्या रानात, दाजीपूर-राधानगरीस, १९५८ साली गव्यांसाठी झाले. शाहू महाराजांनी शिकारीसाठी राखलेले ते जंगल होते. राजाच्या शिकारीच्या हौसेने रान वाचावे आणि लोकशाहीच्या विकासाच्या हौसेने ते जावे, हा इतिहासाचा विनोद म्हणावयाचा! त्यानंतर १९८५ साली कोयना आणि भीमाशंकर झाले, २००४ साली चांदोली राष्ट्रीय उद्यान झाले, २०१० साली कोयना आणि चांदोली मिळून सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला, आणि २०१२ साली कास, कोयना, चांदोली व राधानगरी या चार स्थळांस जागतिक वारशाचा मान मिळाला. कोणत्याही उंच कड्यावरून पाहिले तर या क्षेत्रांची सीमा नकाशावाचून ओळखू येते. आत गर्द छत दिसते, बाहेर वणव्याने काळवंडलेले उघडे दांड दिसतात.

मात्र कुऱ्हाड दाराशी उभी आहे ती अन्यत्र. सिंधुदुर्गातील सावंतवाडी आणि दोडामार्ग हे तालुके पाहा. तेथील रानाचा फार मोठा हिस्सा खासगी मालकीचा आहे. जमीन विकली जाते, रान साफ होते, आणि त्या जागी रबर किंवा अननस येतो. उच्च न्यायालयाने २०१३ साली दोडामार्ग तालुक्यात वृक्षतोडीस बंदी घातली. तरीही तोडीच्या तक्रारी थांबल्या नाहीत. २०२० साली तिलारीस संवर्धन राखीव क्षेत्र झाले, ते ३० चौरस किलोमीटरहूनही कमी. पश्चिम घाटाच्या संवेदनशील क्षेत्राचा प्रश्न तर सरकारी दिरंगाईचा नमुनाच आहे. माधव गाडगीळ यांच्या समितीने २०११ साली अहवाल दिला. तो पचला नाही म्हणून कस्तुरीरंगन यांची समिती नेमली, तिने २०१३ साली दिला. २०१४ मध्ये अधिसूचनेचा पहिला मसुदा निघाला आणि सहावा निघाला ३१ जुलै २०२४ रोजी, वायनाडच्या डोंगराने शेकडो माणसे गाडली त्याच्या दुसऱ्या दिवशी. आपल्याकडील माळीण गाव गाडले गेले त्या दुर्घटनेसही ३० जुलैलाच दहा वर्षे झाली होती. या सहाव्या मसुद्यात महाराष्ट्रातील १७,३४० चौरस किलोमीटर क्षेत्र आहे. दहा वर्षांत सहा मसुदे काढणाऱ्या शासनाने एकाच मसुद्याची अंमलबजावणी केली असती तर दोडामार्गचे निदान काही रान आज उभे दिसले असते.

या धोरणास विरोध करणाऱ्यांची बाजूही आम्ही ऐकली आहे, आणि तिच्यात तथ्य आहे. संरक्षण म्हणजे वनखात्याचा दंडुका, असा अनुभव ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या घेतला, त्यांना ‘अभयारण्य’ या शब्दात अभय कोणाला आहे, असा प्रश्न पडणे स्वाभाविक आहे. कळसूबाई-हरिश्चंद्रगडाच्या हद्दीत महादेव कोळी आणि ठाकर यांची गावे आहेत. हिरडा वेचून, भात आणि वरई पिकवून ही माणसे तेथे जगतात. चांदोलीतून उठविलेल्या गावकऱ्यांना जमिनीसाठी वर्षानुवर्षे आंदोलने करावी लागली. रान वाचावे जगासाठी, पाणी मिळावे मराठवाड्याला, आणि उपाशी राहावे रतनवाडीच्या माणसाने, हा न्याय नव्हे. वनहक्कांचा कायदा २००६ साली झाला, त्याची अंमलबजावणी प्रामाणिकपणे करणे हाच रान राखण्याचा टिकाऊ मार्ग आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे. ज्याच्या नावावर रानाचा हक्क आहे तो वणवा विझवावयास रात्री उठतो. रोजंदारीवरचा मनुष्य सकाळची वाट पाहतो. (काजवे पाहण्यासाठी मे-जूनच्या रात्री मोटारींचे दिवे लावून भंडारदऱ्यास लोटणाऱ्या शहरी रसिकांविषयीही दोन शब्द लिहावेत असे मनात होते, पण ते काम त्या काजव्यांवरच सोपवतो.)

जालन्यात आपण काय केले, हेही या निमित्ताने पाहिले पाहिजे. आमच्या जिल्ह्याच्या भूमीपैकी वनाच्छादन जेमतेम एक टक्क्याच्या आसपास भरते. भोकरदनच्या उत्तरेस अजिंठ्याच्या डोंगरउतारांवर जे काही आहे ते विरळ आणि खुरटे आहे. राज्यात २०१६ ते २०१९ या काळात कोट्यवधी वृक्षलागवडीचे संकल्प झाले. एकट्या २०१९ साठी ३३ कोटींचे उद्दिष्ट होते. छायाचित्रे निघाली, फलक लागले. त्यांतील रोपे किती जगली याचा शोध ज्याने त्याने आपल्या गावच्या गायरानावर जाऊन घ्यावा. त्याच खड्ड्यात पुन्हा रोप लावण्याची कला आपल्याला चांगली अवगत आहे. रोप लावणे वाईट नाही. परंतु उभे रान तुटल्यावर जो कार्बन एका दिवसात हवेत जातो, तो परत झाडात आणण्यास रोपाला कित्येक दशके लागतात. जे उभे आहे ते राखणे हे लावण्यापेक्षा स्वस्त आहे, आणि त्यात छायाचित्राला जागा नाही म्हणून ते मागे पडते.

दोन गैरसमज येथेच दूर केलेले बरे. पहिला असा की, जंगल राखले की पाऊस पडतो. २०१८ साली मुंबईच्या आयआयटीतील संशोधकांनी दाखविले की, पश्चिम घाटातील वनराजीतून उठणारी वाफ नैर्ऋत्य मोसमी पावसात तमिळनाडूस मोठा हातभार लावते, आणि अवर्षणाच्या वर्षी हा वाटा ४० टक्क्यांपर्यंत जातो. हा निष्कर्ष तमिळनाडूचा आहे. तो तसाच उचलून मराठवाड्याच्या पदरात टाकणे अप्रामाणिकपणाचे होईल. आपण पर्जन्यछायेत आहोत आणि राहणार. आपला स्वार्थ पावसात नसून नदीत आहे. दुसरा गैरसमज कारखानदारांचा आहे. जालन्याच्या पोलाद गिरण्यांत भंगार वितळते ते विजेवर, आणि महाराष्ट्राची बरीचशी वीज कोळशावर होते. कोठे तरी दूरच्या जंगलाची ‘कार्बन क्रेडिट’ नावाची कागदी पावती विकत घेतली की आपल्या धुराचे पाप धुऊन निघते, ही समजूत गंगास्नानाच्या समजुतीहून फारशी निराळी नाही. रान राखावे ते रानासाठी, पाण्यासाठी, हवेसाठी. भट्टीच्या धुराचा हिशेब भट्टीपाशीच झाला पाहिजे.

न्यूयॉर्क शहराने १९९७ साली एक करार केला. शंभर मैलांवरच्या कॅट्स्किल डोंगरांतून त्या शहराला पाणी येते. अब्जावधी डॉलर खर्चून गाळणीचा प्रचंड कारखाना उभारण्याऐवजी शहराने त्या डोंगरांतील रान, शेती आणि गावे सांभाळण्यासाठी तेथील लोकांना पैसा देण्याचे मान्य केले. धनिक देशाची गोष्ट म्हणून तिच्याकडे दुर्लक्ष करणे सोपे आहे. पण त्या करारामागे व्यवहार आहे, दानधर्म नाही.

आमची सूचना त्याच व्यवहाराची आहे. जालना महानगरपालिकेने पाणीपट्टीच्या उत्पन्नातून रुपयामागे एक पैसा बाजूला काढावा आणि अकोले तालुक्यातील वनहक्क मिळालेल्या ग्रामसभांना जाळपट्टे काढण्यासाठी, वणव्यावर रात्रीचा पहारा ठेवण्यासाठी व सरपणाला पर्याय देण्यासाठी तो शासनामार्फत पोचवावा. छत्रपती संभाजीनगर तर याच नाथसागरावर जगते. त्याने दोन पैसे द्यावेत. जायकवाडीच्या डाव्या कालव्यावर भिजणाऱ्या अंबड, घनसावंगी आणि परतूरच्या बागाइतदारांच्या पाणीवापर संस्थांनीही आपला वाटा ठरवावा. दर दुष्काळात अहिल्यानगर आणि नाशिकच्या बंधूंशी पाण्याच्या वाटणीवरून भांडावयास आपण जातो, तेव्हा आपल्या हातात न्यायालयाच्या निकालाखेरीज काही नसते. वरच्या रानाच्या राखणीत आपला पैसा असेल तर बोलण्याचा सूर वेगळा राहील. आणि पश्चिम घाटाच्या अधिसूचनेचा विषय विधिमंडळात व संसदेत निघतो तेव्हा तो कोकणचा किंवा कोल्हापूरचा प्रश्न समजून आमचे प्रतिनिधी मुके बसतात, ते त्यांनी थांबवावे. जायकवाडीच्या पाण्याचा प्रश्न विचारताना ज्यांचा आवाज सभागृह दणाणून सोडतो, त्यांना उगमाच्या रानासाठी एक तारांकित प्रश्न विचारणे जड जाऊ नये.

पालिकेच्या अंदाजपत्रकाची सभा दरवर्षी होते. तीत रस्त्यांचे, गटारांचे आणि कमानींचे ठराव भराभर संमत होतात. पुढच्या सभेत हा एका पैशाचा ठराव कोण मांडतो, त्यास अनुमोदन कोण देतो आणि विरोध कोण करतो, त्यांची नावे आम्ही याच पानावर छापू.